फोटोग्राफर यायच्या आधी

फोटोग्राफरने अकराची वेळ दिली होती, आणि साडेदहालाच अप्पांच्या घरात सगळे ताठ उभे होते. बसायची सोय नव्हती असं नाही, परवानगी नव्हती. अप्पांची थोरली मुलगी शाळेतून हेडबाई म्हणून निवृत्त झाली, पण शाळा काही तिच्यातून निवृत्त झाली नाही, असं तिचा धाकटा भाऊ म्हणायचा ते खोटं नव्हतं. इस्त्री मोडेल म्हणून कुणी टेकायचं नाही, कपड्यांवर सांडेल म्हणून कुणी खायचं नाही आणि केस विस्कटतील म्हणून पंखा लावायचा नाही, अशी तीन कलमं तिने दारातच जाहीर केली होती.

कलमं लागू नव्हती ती फक्त अप्पांना. त्यांच्या ऐंशीनिमित्तच तर हा फोटो निघायचा होता. बावीस वर्षांनी सगळं घर एका चौकटीत यायचं होतं. खालच्या मजल्यावरचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आज बंद ठेवून अप्पा खिडकीजवळच्या खुर्चीत ऐसपैस बसले होते आणि नव्या कवळीने बिस्किटं कडाकडा फोडत होते. ती कवळी मधल्या सुनेची करामत. दातांच्या दवाखान्यांना कवळ्या बनवून देणं हाच तिचा व्यवसाय. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिने सासऱ्यांची लटपटणारी कवळी बदलून दिली, आणि अप्पा तिच्या पक्षात गेले ते गेलेच.

मधला दाराच्या चौकटीला न टेकता उभा होता. इमारतींचे नकाशे काढण्यात त्याची वीस वर्षं गेली होती. पट्टीशिवाय त्याला साधी रेघ मारवत नसे, म्हणून धाकटा त्याला फूटपट्टी म्हणायचा. चव्वेचाळिसाव्या वर्षी, सगळ्यांनी आशा सोडल्यावर, त्याने लग्न केलं होतं. त्याला आता चार महिने झाले होते. बायकोचं हे दुसरं लग्न, आणि तिच्यासोबत तिची आठ वर्षांची मुलगीही घरात आली होती. बारीक आणि टोकदार म्हणून आईने तिचं नाव ठेवलं होतं टाचणी.

टाचणी वागायला चांगली होती. शहाणी होती. फक्त चार महिन्यांत तिने मधल्याला एकदाही हाक मारली नव्हती. काका म्हणावं तर आई डोळे वटारायची, बाबा म्हणायला जीभ वळत नव्हती, आणि ‘अहो’ तर आईनेच अडवून ठेवलेलं. त्यामुळे ती वाक्यंच अशी रचायची की कर्त्याची गरजच पडू नये. ‘मीठ मिळेल का?’ ‘दार उघडायला हवंय.’ ‘बूट सापडत नाहीयेत.’ मधल्याला कधी कधी वाटायचं, आपल्या घरात एखादं सरकारी कार्यालय राहायला आलंय.

पावणेअकराला धाकटीचा फोन वाजला. बालवाडीत शिकवणारी ही धाकटी सून कुठलीही वाईट बातमी पोरांना गोष्ट सांगावी तशी हसून सांगायची.

“फोटोग्राफरची गाडी रस्त्यात रुसलीय. गॅरेजमध्ये आहेत. एक वाजेल म्हणतायत.”

“एक?” थोरली म्हणाली. भिंतीवरची पाच घड्याळं पाच वेगवेगळ्या वेळा दाखवत होती. तिने त्या सगळ्यांवर एकेक जळजळीत नजर टाकली. “दोन तास ही मुलं स्वच्छ राहतील?”

ही मुलं म्हणजे मुख्यतः धाकट्याची जुळी. सात वर्षांची ही जोडगोळी एवढ्यातच पलंगाखाली जाऊन आली होती.

“राहतील,” धाकटी म्हणाली. “मला कागद द्या. पेन्सिली माझ्या पर्समध्ये आहेत.”

अप्पांनी कपाटातून जुनी कॅलेंडरं काढून दिली. त्यांची पाठकोरी पानं ती टरटर फाडत असताना थोरलीने मधल्याला डोळ्यांनी खूण केली, आणि मधला निमूटपणे तिच्यामागून स्वयंपाकघरात गेला. चौथीत प्रगतिपुस्तक दाखवायला तो असाच जायचा.

“मी दोन फोटो काढायचं ठरवलंय,” थोरलीने दार लोटलं. “आधी एक घरच्यांचा, अप्पांना मध्ये घेऊन. मग दुसरा, सगळ्यांचा.”

“घरच्यांचा म्हणजे?”

“म्हणजे आपण तिघं, भावजया, जोडगोळी.”

“आणि टाचणी?”

“ती दुसऱ्यात.” मग त्याचा चेहरा बघून ती आवाज उतरवून म्हणाली, “अरे, मी काही वाईट आहे का? पोर गोड आहे. पण चार महिने झालेत फक्त. तुला ती धड हाकसुद्धा मारत नाही, हे काय मला दिसत नाही? उद्या तिचा बाप आला, घेऊन गेला, तर अप्पांच्या भिंतीवर तुझ्यासाठी रोजची जखम लटकत राहील. तू एकदा आपटलायस. साखरपुडा मोडला तेव्हा तुला कुणी सावरलं होतं?”

“तू.”

“मग?”

मधला म्हणाला, “बघू.” हा त्याचा आयुष्यभराचा शब्द. ‘बघू’ म्हटलं की भांडण पुढे ढकललं जातं, एवढंच त्याला कळत होतं; ते पुढे कुणाच्या अंगावर जाऊन पडतं, हे तो बघत नसे.

तेवढ्यात धाकटा पाणी प्यायच्या निमित्ताने आत आला. चाळिशीतला हा बेकरीवाला वादाचा वास आला की पहिला येणार आणि सर्वांत मोठ्या आवाजाच्या बाजूने उभा राहणार.

“ताईचं बरोबर आहे रे,” त्याने कशाबद्दल ते न विचारताच सांगितलं.

बाहेर येताना मधल्याला बायको दिसली. ती दारापासून दोनच पावलांवर उभी होती आणि जोडगोळीपैकी एकाची कॉलर सारखी करत होती. ती कॉलर आधीच सारखी होती.

“ऐकलंस?” त्याने हळूच विचारलं.

“ऐकलं. मी काही बोलणार नाही. तुमच्या घरातला फोटो आहे.” तिने ‘तुमच्या’वर जोर दिला नाही, म्हणूनच तो शब्द जास्त लागला. “तुम्ही काय म्हणालात, तेवढं सांगा.”

“बघू म्हणालो.”

“हं,” ती म्हणाली आणि दुसऱ्याच्या कॉलरकडे वळली.

इकडे धाकटीने डाव मांडला होता. “पहिला खेळ रेघोटीचा. मुलांनी डोळे मिटून कागदावर हवी तशी रेघ ओढायची. मोठ्यांनी त्या रेघेचं चित्र करायचं. प्रत्येक मुलासोबत एक मोठं माणूस. आणि खोडरबर नाही.”

“पट्टी?” मधल्याने विचारलं.

“मुळीच नाही.”

टाचणीला तो मिळाला. तिची आई धाकटीच्या एका जुळ्यासोबत अडकली होती, दुसरा धाकट्याच्या मांडीवर होता. टाचणीने डोळे मिटून एकच लांब रेघ ओढली. ती कागदाच्या मधून गेली, गिरकी घेऊन आली आणि कोपऱ्यात जाऊन धडकली. मधल्याने कागद उलटा केला, आडवा केला, दूर धरला. मग पेन्सिल घेतली. दहा मिनिटांनी कागदावर दोन खोल्या, एक जिना, एक गच्ची आणि एक न्हाणीघर तयार होतं.

टाचणीने वाकून पाहिलं. “माणसं कुठे आहेत?”

“नकाशात माणसं नसतात.”

“मग राहतं कोण?”

याचं उत्तर ऑफिसात कधी लागलं नव्हतं. त्याने पेन्सिल तिच्यापुढे केली. तिने जिन्यावर एक मांजर बसवलं, गच्चीवर टोप्या घातलेले दोन पोरगे उभे केले, आणि बराच विचार करून न्हाणीघरात एक बाई कोंडली. बाईला अंबाडा होता, चष्मा होता आणि तोंडात शिट्टी होती.

जोडगोळी किंचाळली, “आत्या! आत्याला संडासात टाकलं!”

“ते न्हाणीघर आहे,” मधला घाईघाईने म्हणाला. “संडास वेगळा दाखवलाय.”

सगळे थोरलीकडे वळले. तिने चष्मा वर करून कागद न्याहाळला. “अंबाडा डावीकडे कललाय,” ती म्हणाली. “माझा सरळ असतो.” पण तिच्या ओठांचा कोपरा हलला, आणि अप्पांची कवळी हसता हसता निसटून बिस्किटाच्या बशीत पडली.

त्यानंतर कलमं एकेक करून गळून पडली. पंखा लागला. धाकटा जमिनीवर बसला. घडीचा माणूस झाला: एकाने डोकं काढायचं, घडी घालायची, दुसऱ्याने न बघता धड काढायचं, तिसऱ्याने पाय. उघडल्यावर धाकट्याच्या मिशांखाली मडक्यासारखं पोट आणि त्याखाली चाकं निघाली, तेव्हा त्याची बायको म्हणाली, “पहिल्यांदाच तुमचं खरं चित्र निघालं.”

“आता शेवटचा खेळ,” धाकटी म्हणाली. “पाठीवरचं चित्र. मागच्याने पुढच्याच्या पाठीवर बोटाने काढायचं, आणि पुढच्याने जे जाणवेल ते कागदावर उतरवायचं. मागे मूल, पुढे आई किंवा बाप.” मग खट्याळपणे थोरलीकडे वळून म्हणाली, “अप्पांना खेळायचंय. त्यांची मुलगी कुठेय?”

“त्यात ती मूल आणि मी बाप, म्हणजे मी पुढे ना?” अप्पांनी विचारलं. “छे, माझी पाठ दुखते. ये गं इकडे, तू पुढे बस.”

पन्नाशी उलटलेली हेडबाई एवढ्या जणांदेखत वडिलांच्या पायाशी स्टुलावर जाऊन बसली, तेव्हा मधल्याला एकाएकी शाळेत जाणारी दोन वेण्यांची ताई आठवली. पण बघत बसायला वेळ नव्हता. त्याच्या मागे टाचणी येऊन उभी राहिली होती.

चार महिन्यांत तिने त्याला कधी हातसुद्धा लावला नव्हता. आता दोन खांद्यांच्या मधोमध एक बोट टेकलं. लहानसं आणि थंड. त्याने नकळत खांदे ताठ केले.

“हलू नकोस ना!” टाचणी म्हणाली. “तू असा हललास तर माझं बिघडतं.”

मधला हलायचा थांबला. खरं म्हणजे श्वास घ्यायचाही थांबला. ‘तू’ म्हणाली. जीभ घसरून म्हणाली की काय कोण जाणे, पण म्हणाली. त्याने समोर पाहिलं. बायकोने मान खाली घातली होती आणि हसू आवरत होती.

“मोठ्यांना तू म्हणत नाहीत,” थोरली स्टुलावरूनच बोलली, पण आवाजात नेहमीची धार नव्हती, कारण अप्पांचं बोट तिच्या मानेशी गुदगुल्या करत होतं.

“तू मला सहावीपर्यंत अरे अप्पा म्हणायचीस,” अप्पा म्हणाले. “गप बस आणि ओळख.”

मागचं बोट फिरू लागलं. एक गोल. त्याच्या शेजारी दुसरा गोल. मधल्याने कागदावर दोन गोल काढले. “चष्मा,” तो म्हणाला.

“नाही.”

“सायकल?”

“नाही. अजून संपलं नाहीये.” गोलांपासून दोन तिरक्या रेघा निघाल्या, एकमेकींना छेदून वर गेल्या आणि थेट मानेपर्यंत पोचून टोकदार झाल्या. त्याने तशाच उतरवल्या आणि कागदाकडे पाहिलं.

“कात्री.”

“बरोबर.” ती खूश झाली नव्हती.

“कसली गं?”

 जोडगोळी पलीकडे हत्ती की किटली यावरून भांडत होती. मधला तसाच पाठमोरा बसून राहिला. वळलो तर हिचं बोलणं बंद होईल, एवढं त्याला का कोण जाणे, कळलं.

“फोटोची,” टाचणी त्याच्या मानेमागे हळू आवाजात म्हणाली. “आधीच्या घरी आम्हा तिघांचे खूप फोटो होते. आईने सगळ्यांतून माणूस कापला. एकात माझा हात पण गेला, कारण मी मधे होते आणि बाबांचा हात धरला होता.” ती थांबली. “आत्यांनी ठरवलंय ना, की मी पहिल्या फोटोत नाही. मला चालेल. दुसऱ्यात पण मी अगदी कडेला उभी राहते. म्हणजे नंतर कापायला सोपं. कुणाचं काही जाणार नाही.”

मधल्याच्या हातातली पेन्सिल कागदावर दाबली गेली आणि टोक मोडलं. आतल्या खोलीत काय ठरतंय ते या पोरीने ऐकलं होतं. आणि मोठी माणसं तिला फोटोत घ्यायचं की नाही याची चर्चा करत असताना ती शहाण्यासारखी कापायची सोय बघत होती.

‘बघू’ म्हणायची वेळ नव्हती. पण नुसतं ‘असं काही होणार नाही’ म्हणून भागणार नव्हतं, हेही त्याला दिसत होतं. तिने ते ऐकलेलं असणार. तिच्या बापानेच म्हटलेलं असणार. तो नकाशेवाला होता; त्याने नकाशेवाल्यासारखाच विचार केला.

“कागद बघ,” तो म्हणाला आणि कात्रीच्या शेजारी पटापटा माणसं काढू लागला. पट्टीशिवाय, वाकडीतिकडी, काड्यांची. “हे अप्पा. ही आत्या. हा मी, ही आई. हे काका-काकू, ही जोडगोळी. कडेच्याला कापणं सोपं, तू म्हणतेस ते बरोबर आहे. पण इथे एकजण उभं केलं,” त्याने अप्पांच्या आणि आपल्या मधोमध एक बारीक काडी ओढली, “तर ते कापायला सगळा फोटो मधून फाडावा लागतो. अप्पा एकीकडे, आपण एकीकडे. तुझी आत्या तसं कुणाला करू देईल?”

टाचणी त्याच्या खांद्यावरून वाकली. हनुवटी तिथेच टेकवून तिने नीट तपासलं. “आत्या कात्रीच काढून घेतील,” तिने कबूल केलं.

“मग?”

“पण हात कुणी धरायचे?”

“तुला वाटलं तर धर. नाही वाटलं तर नको.”

तो उठला. गुडघे कुरकुरले. थोरलीच्या हातातल्या कागदावर एक चेंडू होता. अप्पांनी काढलेलं होतं घड्याळ, आणि दोघांचा त्यावर जोरात वाद चालला होता. मधला तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

“ताई, फोटो एकच निघेल.”

थोरलीने वर पाहिलं. धाकटा म्हणाला, “अरे, पण मघाशी ताई म्हणाली...”

“मघाशी मी बघू म्हणालो होतो. आता बघितलं.” त्याचा आवाज चढला नव्हता, चढवायची सवयच नव्हती. “तुला माझी काळजी आहे, मला माहितेय. उद्या मला जखम झाली तर झाली. तेव्हा तू आहेसच. पण त्या पोरीने आज कडेला उभं राहायचं ठरवलंय, म्हणजे उद्या तिला कापताना आपल्याला त्रास नको. आठ वर्षांची आहे ती. आपल्या सगळ्यांत मोठी निघाली.”

 मधल्याच्या बायकोचा हात तोंडाशी गेला होता. कात्री कुठली ते तिला सांगावं लागलं नाही.

थोरलीने चष्मा काढला, साडीला पुसला, पुन्हा घातला. “मला हे कुणी बोललं का नाही?” ती म्हणाली. ‘चूक झाली’ असं ती कधी म्हणत नसे. तिच्याकडचं हे त्याच्या सर्वांत जवळचं वाक्य होतं.

“मी तर आधीपासून दादाच्याच बाजूने आहे,” धाकटा म्हणाला.

“तुम्ही चाकांवर आहात,” त्याची बायको म्हणाली, “फिरणारच.”

हशा पिकला, आणि त्या हशातच दारावरची बेल वाजली. फोटोग्राफर घामाघूम होऊन, हाताला ग्रीस लावून उभा होता. ज्याला त्याने शिस्तीत उभं करायचं ते घर त्याच्यापेक्षा मळलेलं होतं. जोडगोळीच्या गालांवर पेन्सिलीच्या मिशा, धाकट्याचा शर्ट बाहेर, हेडबाईंचा अंबाडा अप्पांच्या खोड्यांनी खरोखरच डावीकडे कललेला. ती केस सारखे करायला निघाली, तर अप्पांनी तिचा पदर धरला. “राहू दे. अशी बरी दिसतेस.” आणि आश्चर्य म्हणजे तिने राहू दिलं.

फोटोग्राफरने माणसं मांडायला घेतली. अप्पा खुर्चीत. मोठी मुलगी उजवीकडे. धाकटं कुटुंब एका बाजूला, मधलं जोडपं दुसऱ्या बाजूला. मांडता मांडता त्याचं लक्ष टाचणीकडे गेलं. ती अजून खिडकीपाशीच होती, हातात तो कागद धरून, जागा दिसते का ते बघत.

“आणि तू कुणाची गं?” त्याने सहज विचारलं. लहान मुलाला कुणीही विचारतं, तसं.

मधल्याची बायको बोलायला पुढे झाली, मधल्याने तिचा दंड धरला. थोरलीने तोंड उघडलं आणि मिटलं. 

टाचणीने कागदाकडे पाहिलं, मग माणसांकडे. कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि अप्पांच्या आणि मधल्याच्या मधल्या फटीत शिरून उभी राहिली. मधल्याचा हात तिने धरला नाही. त्याच्या पॅन्टची शिवण मात्र मुठीत घट्ट पकडली.

“मी मधली,” ती म्हणाली.

फोटोग्राफरला काहीच कळलं नाही. “अगं, पण उंचीच्या हिशोबाने तू खाली, पुढच्या रांगेत...”

“अहो,” थोरली कडाडली. वर्गच्या वर्ग चिडीचूप करणारा तो आवाज. “मधली आहे म्हणतेय ना ती? मग तिथेच राहील. तुम्ही तुमचा कॅमेरा मागे घ्या, सगळे मावतील.”

फोटोग्राफर भिंतीला पाठ टेकेपर्यंत मागे गेला, आणि सगळे मावले.